दाखवायचा ग्लास

आत्या शेवटी काउंटर सोडून गेली. आपल्या वाटणीचे सगळे ग्लास तिने टॅक्सीच्या मागच्या सीटवर, लहान मुलांना खिडकीशी बसवावं तसे बसवले, आणि रस्त्यापलीकडच्या बस स्टँडवर स्वतःचं मशीन लावलं. रस्ता ओलांडायला टॅक्सी लागत नाही, हे तिलाही माहीत होतं. पण जाणं हे जाण्यासारखं दिसायला हवं, असं तिचं म्हणणं.

हे आधीच सांगून टाकलं, कारण या घराण्यात कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत पोटात राहिलेली नाही. मात्र सांगून झालेली गोष्ट लगेच घडलीच नाही असं धरायचं, हीही या घराण्याचीच रीत आहे. थोरल्या काकांना आजही कुणी विचारलं तर ते म्हणतात, "मधली? आहे की. आत असेल." थोरली काकू आजही संध्याकाळी आत्याच्या नावाचा चहा करून काउंटरवर झाकून ठेवते, आणि आत्याचे धाकटे भाऊ, म्हणजे बाबा, तो पितात. कप रिकामा झाला म्हणजे आत्या येऊन गेली, असा त्याचा अर्थ लावला जातो.

तेव्हा आपणही ही शिस्त पाळू. आत्या कुठेही गेलेली नाही. ती थिएटरच्या काउंटरमागे अॅप्रन बांधून उभी आहे, सोमवारची सकाळ आहे, दुपारचा खेळ सुरू व्हायला अवकाश आहे, आणि वर्षाची दराची बैठक आता भरेल.

बैठकीला एवढं महत्त्व का, तर आत्याच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, मुलं तीन होती आणि मशीन एक.

थिएटर मालकाचं होतं. त्यातलं खाण्यापिण्याचं काउंटर तेवढं या घराकडे. पॉपकॉर्न सामाईक होता. पॉपकॉर्नवरून या घराण्यात कधी भांडण झालं नाही, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. प्रश्न होता कोल्ड्रिंकच्या फाउंटनचा, म्हणजे त्या एका मशीनचा. त्याला तोट्या तीन, म्हणून अण्णांनी आधी तोट्या वाटायला काढल्या. कोला, संत्रं, लिंबू. पण कोला सोडायला कुणी तयार होईना आणि लिंबू घ्यायला कुणी तयार होईना. मग अण्णांनी ग्लास वाटले. छोटा थोरल्याला, मधला मधलीला, मोठा धाकट्याला. सिरप, गॅस आणि बर्फ यांचा खर्च तिघांनी सारखा भरायचा, ग्लास ज्याचे त्याने आणायचे, आणि ज्याच्या ग्लासातून जे येईल ते त्याचं. शिवाय एक नियम: वर्षातून एकदा बैठक, बैठकीत ठरेल ते फळ्यावर, आणि फळ्यावरचे भाव पुढच्या बैठकीपर्यंत कुणी बदलायचे नाहीत.

त्या काळी छोटा ग्लास धो धो खपायचा, मधलाही बरा चालायचा, आणि मोठा घेणाऱ्याकडे लोक मान वळवून बघायचे. म्हणजे अण्णांनी धाकट्याला जवळजवळ काहीच दिलं नव्हतं. धाकट्यालाही त्याचं काही नव्हतं. ते थिएटरच्या खुर्च्यांचे पाय नीट करायचे, आणि डुगडुगणारी खुर्ची डुगडुगायची थांबली की त्यांचा दिवस कारणी लागायचा. पुढे लोकांच्या तहानेला काय झालं कोण जाणे, पण ती वाढली, आणि मोठा ग्लास चालायला लागला. तरी सगळं सहन होण्यासारखं होतं. सहन न होण्यासारखं झालं ते बुडबुड्यामुळे.

बुडबुडा म्हणजे धाकट्याचा, म्हणजे बाबांचा मुलगा. हे नाव आत्याने ठेवलेलं. त्याची आई गेली तेव्हा तो एवढासा होता. तेव्हापासून त्याचा डबा, त्याचा ताप, त्याची नखं, सगळं आत्याकडे. कुठल्याही कल्पनेवर हा पोरगा सरसर वर येतो आणि वर पोचला की फट्कन फुटतो, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. वय वाढलं, पण नावात बदल करावा असं काही त्याच्या हातून झालं नाही.

त्याची पहिली कल्पना होती, ग्लास एकदा घ्या, कितीही वेळा भरा. एक गृहस्थ सकाळच्या खेळाला छोटा ग्लास घेऊन बसले ते शेवटच्या खेळापर्यंत हलले नाहीत. मध्ये उठले ते फक्त ग्लास भरायला, आणि त्याच्या उलट कामाला. दुसरी कल्पना, बर्फ नको म्हणणाऱ्याला सूट. बर्फ काढल्यावर ग्लासातली रिकामी जागा कोल्ड्रिंकनेच भरावी लागते, म्हणजे आपण जास्त देऊन वर सूटही देतोय, हे त्याला समजेपर्यंत उन्हाळा संपला होता. मग त्याने 'किंमत ठरवण्याची कला' नावाचा अभ्यासक्रम लावला. त्याचे तीन प्रकार होते: साधा, विशेष आणि परिपूर्ण. विशेष आणि परिपूर्ण यांच्या फीमध्ये इतका किरकोळ फरक होता, की विशेष घेणं शुद्ध वेडेपणा ठरला असता. बुडबुड्याने परिपूर्ण घेतला, आणि आपण किती हुशारीने निवड केली हे घरी येऊन तीनदा सांगितलं.

गेल्या बैठकीत पहिल्यांदाच फळा लिहायचं काम त्याच्याकडे आलं. आधीचे भाव होते छोटा चाळीस, मधला पंचावन्न, मोठा ऐंशी. बुडबुड्याने फक्त मधल्याला हात लावला. पंचावन्नचे पंचाहत्तर केले.

सगळ्यांना वाटलं, पोराने आत्याचे पांग फेडले. आत्यालाही वाटलं. "बघा, माझ्या ग्लासाला भाव आला," असं ती तिकीटवाल्यापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून आली आणि येताना बुडबुड्याला निळा शर्ट घेऊन आली.

त्यानंतर वर्षभर मोठा ग्लास असा खपला, की बाबांना खुर्च्यांकडे बघायला वेळ मिळेना. आत्याच्या ग्लासांची चळत मात्र जिथे होती तिथेच राहिली. वरच्या ग्लासात धूळ साचायची. ती तो पुसायची आणि पुन्हा पालथा घालायची.

बुडबुड्याला हे दिसत होतं. त्याला वाईटही वाटत होतं. पण त्याचा दोष त्याने थोडा थोडा सगळ्यांना वाटून टाकला होता: हवेला, सिनेमांना, लोकांच्या हावरेपणाला. अभ्यासक्रमात ग्लास होते, भाव होते, गिऱ्हाईकं होती. पण अभ्यासक्रमातले ग्लास कुणाच्या आत्याचे नव्हते.

*

"तर सुरुवात कुणी करायची?" असं विचारून थोरल्या काकांनीच सुरुवात केली. ते सिरपच्या खोक्यावर बसले होते. अध्यक्षाला खुर्ची असते, पण खुर्च्या मालकाच्या आणि खोकं स्वतःचं, म्हणून ते खोक्यावर बसत. "धाकट्या, मला एक सांग. तुझा ग्लास केवढा आहे?"

"मोठा," बाबा म्हणाले.

"ते फळ्यावर लिहिलंय. माझ्यापेक्षा किती मोठा?"

"दुप्पट असेल. जरा जास्तच."

"मग दुप्पट सिरप तुझा ग्लास पिणार, आणि सिरपचा तिसरा हिस्सा मी भरणार? म्हणजे गिऱ्हाईक तुझं, गल्ला तुझा, आणि ढेकर काय तो माझ्या खर्चाने?"

"दादा, वाटणी अण्णांनी केलीय."

"अण्णांच्या वेळी तुझा ग्लास कुणी घेत नव्हतं रे! तेव्हा तू गरीब होतास, तेव्हा तुला तिसरा हिस्सा भरायला लावला असता, तर मी माणूस ठरलो असतो का?"

"लावला होतात की," बाबा म्हणाले.

"विषय तो नाहीये."

थोरल्या काकूने बसल्या जागी खुर्ची जरा आत्याकडे सरकवली. बैठकीत काकूची खुर्ची कुठे सरकते यावर बुडबुड्याची नजर असे. हवामानखात्यापेक्षा ती भरवशाची होती. "मी तर म्हणते, मापानं वाटा खर्च. आमचं सोडा, पण वन्संचा तर ग्लासच खपत नाही, तरी बिचाऱ्या सिरपचे भरतायत. मला तर रात्री झोप लागत नाही त्यांच्या विचारानं."

"वहिनी, तुम्ही माझ्या बाजूला?" आत्या म्हणाली.

"मी कायमच तुमच्या बाजूला असते, वन्सं."

"टिश्यू पेपरच्या वेळी नव्हतात."

"तेव्हा माझं डोकं दुखत होतं."

आता खरं तर बुडबुड्याने गप्प बसायचं होतं. काका आणि आत्या एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला; थोडी आरडाओरड झाली असती, बाबांनी सिरपचं थोडं जास्त भरायचं कबूल केलं असतं, आत्याचा थोडा भार हलका झाला असता, आणि सगळे पॉपकॉर्न खात उठले असते. पण समोर चार माणसं चुकीच्या माहितीवर भांडताना बघणं हे परिपूर्ण अभ्यासक्रम केलेल्या माणसाला जमत नाही.

"काका, सिरपवरून भांडण्यात अर्थ नाही," तो म्हणाला. "सिरप स्वस्त आहे."

"म्हणजे काय स्वस्त?"

"म्हणजे मोठ्या ग्लासात आपण जे ओततो ते सगळं मिळून पाचचं. सिरप, गॅस, पाणी, बर्फ, सगळं. ग्लास, झाकण आणि स्ट्रॉ सातची. छोट्यात ओततो ते दोनचं, पण ग्लास, झाकण, स्ट्रॉ साडेपाचची. कारण ग्लास छोटा झाला म्हणून झाकण काही फार लहान होत नाही, आणि स्ट्रॉ तर तीच."

काकांनी चळतीतला एक छोटा ग्लास काढून तो आतून, बाहेरून आणि खालून बघितला.

"म्हणजे इतकी वर्षं मी कागद विकतोय?"

"आणि बुडबुडे," बाबा म्हणाले.

"आणि लोक चाळीस देतात? हे त्यांना माहीत नाही?"

"माहीत असतं काका. पण आत सिनेमा सुरू होत असतो. त्यांना घाई असते."

काकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख होतं की अभिमान, हे बुडबुड्याला कळलं नाही. बहुधा त्यांनाही कळलं नसावं. पण पुढच्याच क्षणी ते खोक्यावर ताठ झाले.

"मग बरोबर आहे! मग सिरप राहू दे जसंच्या तसं, आणि ग्लासांचा खर्च सामाईक करा. ग्लास, झाकण, स्ट्रॉ. तिघांत सारखं."

"अहो, आत्ता तर तुम्ही मापानं म्हणत होतात," काकू म्हणाली.

"ते मघाशी. मघाशी मला माहिती नव्हती."

"दादा," आत्या शांतपणे म्हणाली, "म्हणजे मी एकही ग्लास आणत नाही, आणि तुझ्या ग्लासांचे पैसे भरू?"

"कुटुंब म्हणजे आणखी काय असतं गं, मधले?"

काकूची खुर्ची मूळ जागी आली. आवाज न करता आली, पण आली.

"मला एक शंका आहे," बाबा म्हणाले. ते वर्षातून एकदाच शंका काढत आणि ती नेहमी बर्फाबद्दल असे. "वितळलेला बर्फ कशात धरायचा? ग्लासात घालताना तो बर्फ असतो, पिताना पाणी होतो. आणि पाण्याचा वेगळा खर्च—"

"धाकट्या, तुझ्या पाया पडतो, बर्फ नको!"

"बुडबुड्या," आत्या म्हणाली. ती भांडणात नव्हतीच. ती फळ्याकडे बघत होती. "ह्यांचं चालू दे. मला एवढंच सांग, माझा ग्लास का नाही रे खपत?"

"भाव जरा जास्त आहे, आत्या."

"तो तूच लावलास."

"हो. म्हणजे पंचाहत्तरला मधला, आणि पाच टाकले की मोठा. मग लोक पाच टाकतात."

"मग चुकला का तुझा भाव?"

'हो, चुकला.' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. आत्याने 'गाढव आहेस' म्हटलं असतं, डोक्यात टपली मारली असती, फळा पुसून पंचावन्न लिहिले असते. बुडबुड्याच्या आयुष्यात चुका इतक्या होत्या की आणखी एक कबूल करायला जागा काही कमी पडली नसती. पण त्याच्या आयुष्यात मुद्दाम केलेली आणि जमलेली गोष्ट ही एकच होती.

"चुकला नाही," तो म्हणाला. "मुद्दाम आहे. मधला ग्लास खपावा म्हणून ठेवायचाच नसतो. तो विकायचा नसतो, दाखवायचा असतो. नुसते छोटा आणि मोठा असले तर लोकांना मोठा महाग वाटतो. मध्ये हा ठेवला, की त्याच्या शेजारी मोठा स्वस्त दिसतो. मधला एकही विकला गेला नाही, तर भाव अचूक बसला असं समजायचं."

मशीनच्या पोटात काहीतरी खट् झालं आणि गुणगुण थांबली. ती अधूनमधून थांबायचीच, पण या वेळी सगळ्यांनी मशीनकडे बघितलं, कारण आत्याकडे बघायचं नव्हतं.

"म्हणजे माझा भाव वाढवलास तो—"

"हो."

"आणि मी तुला शर्ट घेतला."

बुडबुड्याने मान खाली घातली. शर्ट अंगातच होता.

आत्या हसली. आधी थोडं, मग खरोखर. "अरे, मग फी भरून हे शिकायला कशाला गेलास? मला विचारायचंस. दादा हुशार दिसावा म्हणून घरात मी होते. धाकटा शांत दिसावा म्हणूनही मीच होते. अण्णा पाहुण्यांना आमची ओळख करून द्यायचे ना, हा थोरला, फार हुशार. हा धाकटा, फार गुणी. आणि ही मधली. एवढंच. ही मधली. पाहुणे लगेच दोघांकडे बघून माना डोलवायचे."

"असं काही नव्हतं हं, मधले," काका म्हणाले.

"मला काही वाईट नाही वाटलं रे. काम होतं, केलं." तिने हात अॅप्रनला पुसले. "पण आता मला कळलं की हे काम आहे, तर त्याचा मोबदला द्या. माझ्यामुळे मोठा खपतो ना? मग दर मोठ्या ग्लासामागे माझा हिस्सा."

"देऊ की, ताई," बाबा म्हणाले.

"देऊ की?" काका खोक्यावरून उठले. "हिच्यामुळे लोक मोठा घेतात, म्हणजे छोटा सोडतात! माझी गिऱ्हाईकं हिनं पळवली आणि तुला दिली. भरपाई मला पाहिजे. हिच्याकडून!"

"वन्सं, हे बरोबर आहे हं," काकू म्हणाली. तिची खुर्ची आता चांगलीच लांब होती. "मी तुमच्या बाजूची आहे, पण हे बरोबर आहे."

आणि मग बाबांना, ज्यांनी जन्मात कशाचा गर्व केला नव्हता, काय झालं कोण जाणे. ते खाली बघत, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "पण ताई, मोठा तुझ्यामुळेच खपतो हे कशावरून? त्याच्या स्वतःच्या गुणावरही खपत असेल. चांगला ग्लास आहे तो."

आत्याने त्यांच्याकडे असं बघितलं, की जणू एखादी खुर्ची बोलली. मग तिने ओलं फडकं घेतलं, स्टूलवर चढली, आणि फळ्यावरची मधली ओळ पुसून टाकली.

"आज खेळ आहेच," ती म्हणाली. "बघू या गुण."

बैठक चालू असेपर्यंत फळ्यावर हात चालवता येतो, हे नियमात बसत होतं. म्हणून बैठक संपली नाही असं जाहीर करून सगळे काउंटरच्या मागे खाली बसले. बुडबुडा आत्याबरोबर उभा राहिला.

दुपारच्या खेळाची माणसं आत आली. पहिलं जोडपं फळ्यासमोर थांबलं.

"मोठा ऐंशी?" ती म्हणाली.

"छोटा चाळीस," तो म्हणाला. "दुप्पट आहे सरळ. दोन छोटे द्या."

त्यांच्यामागच्या बाईंनी छोटा घेतला. तीन पोरांच्या बापाने तीन छोटे घेतले आणि एक पोरगं मोठ्यासाठी रडलं, त्याला त्याने ऐंशीचा आकडा बोटाने दाखवला. एका गृहस्थाने मोठा मागितला तेव्हा काउंटरखालून बाबांनी श्वास रोखल्याचा आवाज आला. पण त्यांना ग्लास रिकामाच हवा होता, मुलाच्या शाळेतल्या कसल्याशा कामासाठी. खेळ सुरू झाला तेव्हा काकांची चळत गुडघ्याइतकी उतरली होती आणि बाबांची जशीच्या तशी होती.

आधी बाबा वर आले. "ताई," ते म्हणाले, "दर मोठ्यामागे चार देतो. फळ्यावर ये."

काकांचं डोकं वर आलं. "मी दर छोट्यामागे पाच देतो. फळ्यावर येऊ नकोस."

"सहा, ताई."

"सात! आणि नुसती घरी बस. पाय दुखतात ना तुझे?"

"अहो, साडेपाचचा तर ग्लास आहे," काकू कळवळली.

"तू मध्ये पडू नकोस!"

आत्या दोघांच्या मधोमध उभी होती. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. बुडबुड्याला आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही भाऊ तिला काहीतरी देऊ बघत होते, आणि ते त्याच्यामुळे, असं त्याला वाटलं. तो तिच्या कानाशी वाकला.

"हो म्हणू नकोस एवढ्यात. दोघंही अजून चढतील."

हे त्याने तिच्या भल्यासाठी म्हटलं. या गोष्टीत त्याने जे जे केलं ते कुणा ना कुणाच्या भल्यासाठीच केलं आहे. वाचणाऱ्याने मागची पानं चाळून खात्री करून घ्यावी.

आत्याने वळून त्याच्याकडे बघितलं. "तुझा वाटा कशात आहे रे?"

"बाबांच्या ग्लासात. पुढे मिळेल तो."

"मग तुला मी फळ्यावर हवी, की नको?"

प्रश्न सोपा होता. डबा बांधणारी आत्या फळ्यावर असो की नसो, हवीच. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण बुडबुड्याने विचार केला. दर मोठ्यामागे सहा दिले तर राहतात किती, सात दिले तर किती, आणि त्यातून ग्लास वजा जाता. जास्त वेळ नाही घेतला त्याने. पण त्याचे ओठ हलत होते, आणि या ओठांना पाढे तिनेच शिकवले होते, त्यामुळे ते कितीच्या पाढ्यात पोचलेत हे तिला वाचता येत होतं.

तिने अॅप्रन सोडला, त्याची घडी घातली आणि ती बाबांच्या चळतीवर ठेवली.

"दादा, तुझे सात नकोत. धाकट्या, तुझे सहा नकोत." मग बुडबुड्याकडे न बघता म्हणाली, "शर्ट धुवायला टाक. खांद्यावर सिरप सांडलंय."

आणि ती टॅक्सी बोलवायला बाहेर गेली.

*

अर्थात, तसं काही झालेलं नाही. फळ्यावर मधल्या ओळीची जागा कोरी आहे, कारण आत्या उठून गेल्याने बैठक आपोआप संपली आणि नियमाप्रमाणे फळा आता वर्षभर तसाच राहणार. काका आणि बाबा एकमेकांशी बोलत नाहीत, पण ते दोघे मिळून. म्हणजे एकाने खिडकीत यायचं, रस्त्यापलीकडे बघायचं आणि निघून जायचं, मग दुसऱ्याने.

पलीकडे एक मशीन, एक फळा आणि त्यावर एकच ओळ: ग्लास, साठ. छोटा नाही, मोठा नाही. मध्यंतरात इथली माणसं उठून, रस्ता ओलांडून तिथे जातात, आणि काही न विचारता साठ देतात. असं का होतं, हे बुडबुड्याने अभ्यासक्रमवाल्यांना लिहून विचारलं. त्यांनी कळवलं, की एकच ग्लास हा विषय परिपूर्णमध्ये येत नाही. त्यासाठी नवीन 'सर्वोच्च' आहे, आणि तो परिपूर्णच्या फीपेक्षा थोडाच महाग आहे. तेव्हा कुठे त्याला आपण 'विशेष' का घेतला नव्हता हे समजलं.

एकदा तो पलीकडे गेला. रांगेत उभा राहिला. आत्याने त्याला ग्लास भरून दिला, साठ घेतले, आणि "पुढचे?" म्हणाली.

शेवटी घरातल्या सर्वांनी, म्हणजे काकांनी बाबांना वगळून आणि बाबांनी काकांना वगळून, बुडबुड्याला सांगितलं की काय ते नीट भाषेत लिही, तू शिकलेला आहेस. त्याने सगळ्यांचं म्हणणं घेतलं, शेवटी थोडं स्वतःचं घातलं, आणि अर्ज स्वच्छ अक्षरात उतरवून पलीकडे पोचता केला:

*प्रति,*
*माननीय आत्या,*
*संस्थापक व सर्वेसर्वा, एकच ग्लास,*
*बस स्टँड, रस्त्यापलीकडे.*

*विषय: आपण पूर्ववत न खपण्याबाबत.*

*महोदया,*

*उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, आपण काउंटर सोडून गेला नसल्याने आपल्या परत येण्यास कोणतीही अडचण दिसून येत नाही. सबब, आपण तात्काळ रुजू होऊन, फळ्यावरील मधल्या जागी, पूर्वीच्याच भावाने, पूर्वीप्रमाणेच न विकले जावे, अशी धाकटे यांची विनंती आहे. थोरले यांची हीच विनंती असून, तथापि आपण फळ्यावर न येता केवळ घरी यावे, असे त्यांचे म्हणणे आहे. थोरल्या काकू आपल्या बाजूच्या आहेत.*

*वरील मागणी मान्य करणे शक्य नसल्यास, हा अर्ज लिहून देणाऱ्या अर्जदारास आपल्या काउंटरवर, आपल्या शेजारी, विनावेतन उभे करण्यात यावे. अर्जदाराचा विक्रीस कोणताही उपयोग नाही, याची आपणास पूर्वीपासून कल्पना आहे. त्यास विकण्यासाठी नव्हे, फक्त दाखवण्यासाठी ठेवावे. येणारी-जाणारी माणसे एकदा त्याच्याकडे व एकदा आपल्याकडे बघतील, आणि मान डोलावून आपल्याकडून ग्लास घेतील. याप्रमाणे नेमणुकीचा आदेश परतीच्या टपालाने मिळावा, ही नम्र विनंती.*